टकला गरुड

तहूराच्या पुस्तकात, पान बेचाळीसवर
पांढऱ्या डोक्याचा एक गरुड आहे.
फोनवर ती विचारते,
"अब्बा, तुमच्याकडे येतात ते टकले आहेत का?"

नाही गं. आमचे साधे.
चौथ्यांदा उकळलेल्या चहाचा रंग,
पंखांच्या कडेला कुणी दूध लावून पुसलंय, इतकंच.

मी जहराला सांडपाण्याच्या प्लांटवर आहे.
शहर जे ओतून देतं
ते टाक्यांतून फिरवायचं, हवा द्यायची, गाळ खाली बसवायचा
आणि पहाटे व्हॉल्व उघडून आखाताच्या कडेला सोडायचं.
त्या पाण्यावर बोरू उगवला,
बोरूत बदकं आली,
बदकांमागे हे.
वाळवंटातलं हे तळं म्हणजे
अख्ख्या शहराची कालची आंघोळ.
कुणाला सांगत नाही, पण मला त्याचा थोडा गर्व आहे.

पहिल्या वर्षी कुंपणाशी एक बाई उभी होती, दुर्बीण लावून.
शाळेत भूगोल शिकवते. नाव सांगितलं : दलाल.
मी दचकलो.
आमच्याकडे दलाल म्हणजे चिपळूणचा तो माणूस
ज्याने व्हिसाचे नव्वद हजार घेतले
आणि पावती दिली नाही.
तिच्या भाषेत दलाल म्हणजे लाड.
मी हसलो. ती हसली नाही.
तिला मोजायला माणूस हवा होता.

तेव्हापासून ऑक्टोबरात, रात्रपाळी सुटली की
बोटातल्या तसबीच्या यंत्रावर मी गरुड मोजतो.
अल्ला माफ करील. बटण तेच, हिशेब वेगळा.
कालचे एकसष्ट.

सकाळी सहाला ते सगळे जमिनीवर असतात.
गरुडांबद्दल हे कुणी सांगत नाही,
की ते नुसते बसून असतात.
चिखलात पाय, खांद्यांत मान,
जलीबच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघणारे जसे,
एकमेकांकडे न बघता.
वाळू तापायला नऊ, साडेनऊ होतात.
मग एक उठतो, जड, नाइलाजाने उठल्यासारखा,
दोन फेऱ्या मारतो,
आणि तिसऱ्या फेरीत हवा त्याला उचलते.
मग दुसरा. मग धड मोजताच येत नाही,
बटणावरचा अंगठा मागे पडतो,
एकही पंख न हलवता ते वर, आणखी वर,
आणि माझ्या डोळ्यांत पाणी येतं. उन्हाने.

खोलीतले म्हणतात, बघ खलफे, पाखरांना व्हिसा लागत नाही.
मी म्हणतो, गरम हवा लागते.
समुद्रावर ती उठत नाही.
म्हणून ते काठाकाठाने वळसा घालतात, दिवस मोडून.
ज्या पाण्यावरून मी चार तास घोरत घरी जातो
त्याला ते भितात.
(दलालबाईंनी वहीतलं "भितात" खोडायला लावलं.
"टाळतात" लिही, म्हणाल्या.)

टाळणं मला माहीत आहे.
आईच्या चाळिसाव्याला रजा मंजूर होती,
तिकीटही होतं.

आज शुक्रवार. तहूराला व्हिडिओ लावून
फोन आभाळाकडे धरला.
"दिसतायत?"
"ठिपके दिसतायत."
"तेच ते."
"आणि टकला? एक पण नाही?"

मी फोन वळवला, हेल्मेट काढलं.
नऊ वर्षं इथलं पाणी डोक्यावर घेतल्यावर
जे उरतं, ते तिला दाखवलं,
दोन्ही हात पसरून, चिखलात उभा राहून.
ती इतकी हसली की तिच्या हातून फोन पडला.
मला बराच वेळ आमच्या घराचं छत दिसत राहिलं,
कौलं, वासे, पंख्याचं एक पातं,
आणि कुठूनतरी तिचं ते हसणं.

डोक्यावरून बासष्टावा गेला.
बटण दाबायचं राहिलं.